घागर उभी नंबराला

आपल्या लेकाचं गाणं परक्या गळ्यातून जगदेवीनं पहिल्यांदा ऐकलं ते केजहून युसूफ वडगावला येणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये. मधल्या सीटवर चौघी कोंबलेल्या, ती खिडकीकडे, मांडीवर शेवग्याच्या शेंगांची पिशवी. ड्रायव्हरनं एक गाणं मध्येच तोडून दुसरं लावलं. आधी धाडधाड ढोल वाजले आणि मग एक पोरगी साखरेत घोळलेल्या आवाजात गायला लागली, ‘घागर उभी नंबराला गं, मी उभी दाराला...’

जगदेवीला आधी हसूच आलं. तिला वाटलं, विशूनं नवीन कुणाकडून तरी म्हणवून घेतलं आणि घरात सांगितलं नाही.

“अरे, हे माझ्या पोराचं गाणं हाय,” ती ड्रायव्हरला म्हणाली.

“हां मावशी,” ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, “आन् ह्याच्या आदुगर वाजलं ते माझ्या बापाचं व्हतं.”

जीपभर हशा पिकला. शेजारच्या बाईनं हसता हसता जगदेवीच्या गुडघ्यावर थाप मारली. जगदेवीनं पदर तोंडाला लावला आणि वडगाव येईपर्यंत बाहेर बघत बसली. पण तिचे कान आतच होते. दुसरी ओळ आली तेव्हा तिला कळलं की काहीतरी चुकलंय. विशूनं केलेली ओळ होती, ‘टँकर वळला साहेबाच्या उसाच्या वावराला.’ ही पोरगी म्हणत होती, ‘टँकर वळला राजाच्या गं रंगीत दरबाराला.’ दरबारात टँकर कशाला जाईल?

घरी आली तेव्हा विशू, म्हणजे तिचा एकुलता एक लेक विश्वेश्वर, दुकानात शेंगदाण्याच्या पुड्या बांधत होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं किराणा दुकान. तिनं पिशवी खाली ठेवली आणि काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, “ऐकलंस व्हय?”

“तुला ठावं हाय?”

“चार महिने झाले.”

“मग मला कावून नाही सांगितलंस?”

“सांगून काय करणार व्हतीस आई?”

आतून तिची सून वर्षाराणी लाटणं हातात घेऊन आली. “रात्र रात्र जागतेत, आत्या. मोबाइल छातीवर घेऊन पडतेत आन् तेच गाणं कमी आवाजात ऐकतेत. मी म्हणलं सवतीचं एवढं ऐकलं असतं तर परवडलं असतं.”

विशू हसला नाही. पुडीला दोरा गुंडाळत राहिला, गरजेपेक्षा जास्त.

हे गाणं झालं ते साल जगदेवीला कालच्यासारखं आठवत होतं. तिला सगळंच आठवायचं. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुणाच्या बाळंतपणात कोणत्या गाईचं दूध आणलं होतं. दुष्काळाचं ते साल होतं, तेरा वर्षांपूर्वीचं. विशू वीस वर्षांचा, लातूरचं कॉलेज अर्धवट टाकून आलेला. कुणाच्या तरी मोबाइलवर त्यानं परदेशातल्या काळ्या पोरांची गाणी ऐकली होती. ती पोरं गात नव्हती, तालात बोलत होती, आणि बोलता बोलता भांडत होती. विशूला त्याचं वेड लागलं. तेलाचा रिकामा डबा उलटा धरून तो दुकानाच्या ओट्यावर बसायचा आणि बोटांनी ठेका धरून भराभर बोलायचा, आपल्याच बोलीत, हाय-न्हाईत. तोवर जिल्ह्यात असलं काही कुणी केलं नव्हतं. त्याचा बाप विरुपाक्ष दुकानातून ओरडायचा, “हे गाणं हाय का किराण्याची यादी? हाय यादी तर साखर राहिली बग.” पण गिऱ्हाईक थांबून ऐकायचं, हे विरुपाक्षालाही दिसत होतं.

त्या उन्हाळ्यात गावात दोन दिवसांआड टँकर यायचा. बायकांनी तासन्‌तास उन्हात कशाला उभं राहायचं, म्हणून घागरीच रांगेत लावलेल्या असायच्या. ज्या घागरीचा जो नंबर तो त्या घराचा नंबर. घागरी रस्त्यात आणि बाया आपापल्या दारात, डोळे घागरीवर. शेजारच्या भिवराबाईच्या लेकीची हळद होती त्या दिवशी टँकर आलाच नाही. नवरीच्या अंगाची हळद वाळून तडकायला लागली तरी धुवायला पाणी नव्हतं. कुणीतरी सांगत आलं की टँकर वाटेतनंच वळवला, उसाकडे. त्या संध्याकाळी विशू ओट्यावर बसला तो उठेचना. डबा वाजवतोय, म्हणतोय, खोडतोय. जगदेवी तिथंच तांदूळ निवडत होती.

“घागर उभी नको म्हणू,” ती म्हणाली होती. “घागर बसती. बसली म्हण.”

“न्हाई आई. माणसाच्या जागी उभी हाय ती. उभीच पायजे.”

मग त्यानं मधलं भराभर बोलायचं कडवं केलं. ते ऐकून विरुपाक्षानं दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली होती, कुणी ऐकेल म्हणून.

‘कागदावर हीर हाय, हिरीमदी पाणी हाय,
पाण्यावरती सही हाय, सहीखाली कोण हाय?
इचारलं तर म्हणत्यात, पोरा, तुझं वय काय?’

वरच्या दोन ओळी मात्र गाऊनच म्हणायला पाहिजेत, असं विशूचं म्हणणं. “माझा गळा बोलतो, गात न्हाई. तू म्हण.” जगदेवी भजनात गायची. कपिलधारच्या यात्रेला त्यांच्या भजनी मंडळात तिचाच आवाज पुढे असायचा. तिनं त्याच्या चालीत म्हटलं. केजला बसस्टँडजवळ विशूचा दोस्त बजरंग याचं मोबाइलचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग केलं. आवाज येतो म्हणून पंखा बंद. जगदेवी घामानं भिजली आणि चौथ्या खेपेला नीट झालं.

त्या काळात पोरं दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्डात गाणी भरून न्यायची. बजरंगनं हे गाणं फुकट भरून द्यायला सुरुवात केली. फक्त सुरुवातीला स्वतःचा आवाज घातला, ‘बजरंग मोबाइल, केज.’ विशूचं नाव गाण्यात कुठंच नव्हतं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. वडगावचा विश्या म्हणून त्याला सगळे ओळखतच होते की. अंबाजोगाई, धारूर, कळंबपर्यंत गाणं गेलं. पोरं त्याला बघायला दुकानावर यायची, साबणाची वडी घ्यायची आणि घुटमळायची. आज जिल्ह्यात जी पोरं तालात बोलून गातात त्यांतल्या कितीतरी जणांनी पहिला ठेका विशूच्या ओट्यावर धरला. मग विरुपाक्षाला अर्धांगवायू झाला. दुकान, दवाखाना, पुढं बापाचं जाणं, लग्न. डबा माळ्यावर गेला. पण विशूच्या मनात एक होतं, की हे इथं आपण सुरू केलं. एवढं एकच त्याचं स्वतःचं होतं.

आणि आता पुण्याच्या कुणा एमसी वणवा नावाच्या गायकानं ते गाणं एका पोरीकडून गाऊन घेऊन, एका मोठ्या संगीत कंपनीतर्फे आपलं म्हणून काढलं होतं. तो पोरगा चार वर्षं अंबाजोगाईला शिकायला होता. विशूचं भराभर बोलायचं कडवं त्यानं टाकून दिलं, साहेब आणि ऊस काढून टाकला आणि वरच्या ओळी चालीसकट उचलल्या. खाली नाव, गीत-संगीत एमसी वणवा. ते गाणं आता लग्नात, जत्रेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजत होतं. मुलाखतीत तो म्हणाला होता, मराठवाड्याच्या मातीतला पहिला रॅप मी आणला. ती मुलाखत विशूनं किती वेळा बघितली ते वर्षाराणीनं मोजणं सोडून दिलं होतं.

“तुला पैसे पायजेत का?” जगदेवीनं विचारलं.

“पैसे त्येला ठेव म्हण. खाली नाव माझं टाक म्हण. बस.”

बजरंगनं कंबर कसली. “विश्या, तू फिकीर करू नको बे. कुणाच्या तरी ट्रंकेत एक तरी जुनं कार्ड असंलच.” आणि खरंच, महिनाभरात बनसारोळ्याच्या एका न्हाव्याच्या दुकानात जुना मोबाइल सापडला. त्यात गाणं होतं, तेरा वर्षांपूर्वीच्या तारखेसकट. जगदेवीचा आवाज, विशूचा आवाज, मध्येच एसटीचा हॉर्न. केजचे वकील धोंडीराम यांनी ते तीनदा ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

“केस हाय,” ते म्हणाले. “आधी नोटीस पाठवू. पण एक ऐका. आजी, तुमी बी ऐका. आता ह्या भांडणाविषयी बाहेर एक अक्षर बोलायचं न्हाई. शेजारी न्हाई, पाहुण्यांत न्हाई. समोरची पार्टी मोठी हाय, शब्दात पकडत्यात.”

“न्हाई बोलणार,” जगदेवी म्हणाली. त्या दिवशी केजच्या बाजारात विशूनं आपणहून तिला भजी घेऊन दिली. कितीतरी दिवसांनी तो चालता चालता मांडीवर बोटं वाजवत होता.

नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांनी सायली आली. गोरीपान, कॉटनची साडी नेसलेली, पायात कोल्हापुरी. संभाजीनगरच्या विद्यापीठात ती बायकांच्या जुन्या गाण्यांवर अभ्यास करत होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं की वडगावात जगदेवीकाकूंकडे गाण्यांचं भांडार आहे. विशू माल आणायला लातूरला गेला होता. जगदेवीनं त्याला फोन लावला, लागला नाही. पोरगी दारात उभी, उन्हातून आलेली. जगदेवीनं पोहे टाकले.

गल्लीतल्या आठ-दहा बाया जमल्या. सायलीनं छोटा कॅमेरा तिपाईवर लावला. जगदेवीनं दळणाची गाणी म्हटली, पाळणे म्हटले, कपिलधारची भजनं म्हटली. पोरगी अशी ऐकत होती की गाणाऱ्याला थांबावंसं वाटू नये. तेवढ्यात भिवराबाई म्हणाली, “अगं ते घागरीचं म्हण की. आता गावभर वाजतंय.”

जगदेवीनं म्हटलं. अगदी मूळच्या शब्दांत, साहेबाच्या उसासकट. बायांनी टाळ्या धरल्या.

सायलीचे डोळे भरून आले. “काकू, हे तर... हे तुम्ही रचलंत?”

आता इथं एक सांगायला हवं. आमच्याकडच्या बाईला कुणी विचारलं की हे गाणं तू केलंस का, तर ती हो म्हणत नाही. स्वतः रात्रभर जागून केलेलं असलं तरी म्हणते, मी कशाची करतीय, आयाबायांचं जुनं हाय. आपलं नाव सांगणं म्हणजे मिरवणं. जगदेवी नवी सून असताना तिनं एक पाळणा केला होता आणि शेवटच्या ओळीत हौसेनं आपलं नाव गुंफलं होतं. सासू चार बायांत म्हणाली होती, “नाव घालायला तू संत लागून गेलीस का गं?” त्यानंतर तिनं कशातच नाव घातलं नाही.

तर सायलीनं विचारलं तेव्हा जगदेवीच्या जिभेवर ‘विशूचं हाय’ हे आलं होतं. पण समोर दहा बाया. वकिलानं बोलू नको म्हणून बजावलेलं. जीपमधला हशा अजून कानात. आणि कौतुकानं पाणावलेले ते परके डोळे; लेकाला दृष्ट लागायला तेवढे पुरे होते. तिनं आपली नेहमीची वाट धरली.

“मी कशाची करतीय माय. जुनं हाय, आयाबायांचं. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची.”

“किती जुनं असेल?”

“त्येला काय हिशेब हाय व्हय?” जगदेवी हसून म्हणाली, आणि बायाही हसल्या. सायलीनं एका कागदावर तिची सही घेतली. संध्याकाळी विशू आला तेव्हा जगदेवीनं त्याला सांगितलं की एक गुणी पोरगी आली होती, आणि मी केसचं एक अक्षर बोलले नाही.

कंपनीचं उत्तर आलं ते धोंडीराम वकिलांनी फोनवर सांगितलं नाही, बोलावून घेतलं. उत्तर चारच ओळींचं होतं. सदर गीत पारंपरिक आहे, त्यावर कुणाही एका व्यक्तीचा हक्क नाही, आणि याला खुद्द अर्जदाराच्या आईचा दुजोरा आहे. सोबत व्हिडिओ. सायलीनं तो अभ्यास म्हणून इंटरनेटवर टाकला होता, लाखभर लोकांनी बघितला होता.

विशूनं वकिलाच्या टेबलावर मोबाइल उभा केला आणि आईला दाखवला. जगदेवीनं स्वतःला बघितलं. पदर नीट, कपाळावर विभूती, चेहरा खुललेला. ‘माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची.’ ती पडद्यावरची बाई किती खरं बोलत होती! ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये.

“पण मी तर तसंच म्हणते की सगळ्याला,” जगदेवी म्हणाली. “विशू, अरे, तसंच म्हणतेत.”

विशूनं मोबाइल उचलून खिशात घातला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“आजी,” धोंडीराम वकील सावकाश म्हणाले, “उद्या न्यायालयात तुमाला इचारलं, तवा खोटं बोललात का आता बोलताय, तर काय सांगाल?”

“तवा.”

“कावून खोटं बोललात?”

“रीत हाय तशी.”

“रीत मला कळती हो. माझी आई बी तशीच व्हती. पण ती मी कागदावर कशी दाखवू?”

तहसीलपुढच्या नोटरीकडे तिनं प्रतिज्ञापत्र केलं, की हे गाणं माझ्या मुलानं अमुक साली, भिवराबाईच्या मुलीच्या हळदीच्या संध्याकाळी केलं. कंपनीच्या वकिलानं उलट लिहिलं, आईनं मुलाच्या मायेपोटी जबाब फिरवला आहे. धोंडीराम वकिलांनी लिहिलं, जुन्या गाण्यात टँकर आणि नंबर कुठून येईल? उलट उत्तर आलं, बहात्तरच्या दुष्काळातलं असेल.

ते वाचून दाखवलं तेव्हा जगदेवीला ते साल आठवलं. बहात्तरला ती तेरा वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायची. डोक्यावर कामावर खायला वाटलेल्या सुकडीचं गाठोडं, पापण्यांवर धूळ. “बहात्तरला कुणी गात नव्हतं,” ती म्हणाली. “तोंडात थुंकी नव्हती, गाणं कुठलं?” पण हे ती वकिलाच्या खोलीत म्हणाली. ते लिहून घेण्यासारखं नव्हतं.

साक्षीला बाया तरी मिळतील म्हणून ती भिवराबाईकडे गेली.

“भिवरे, तुझ्या लेकीच्या हळदीला टँकर वळवला व्हता, त्या सांजेला विशूनं केलं का न्हाई ते घागरीचं?”

भिवराबाई कडीपत्ता तोडत होती. “हळदीला टँकर आला न्हाई ते ध्यानात हाय बाई. पण गाणं तर जुनंच की. मी माहेरी ऐकलंय.”

“कुठलं ऐकलंस? तुझं माहेर येरमाळ्याचं. तिथं हे कोण म्हणणार?”

“अगं माझी चुलती म्हणायची. आन् तूच तर म्हणालीस त्या पोरीला, जुनं हाय म्हणून. आमी दहा जणी व्हतो की. आता केस हाय म्हणून बदलतीस व्हय?”

भिवराबाई खोटं बोलत नव्हती, हे जगदेवीला तिच्या तोंडाकडं बघून कळलं. तिला खरंच आठवत होतं. व्हिडिओ बघितल्यापासून गल्लीतल्या सगळ्यांनाच आठवायला लागलं होतं. सुंदरबाईला आजोळी ऐकल्याचं आठवत होतं, कुणाला बाळंतपणात. त्या रात्री जगदेवी स्वतःच अंथरुणात उठून बसली. आपल्या आईचा आवाज तिनं आठवून बघितला आणि आईच्या आवाजात ती ओळ घालून बघितली. बसत होती. इतकी बेमालूम बसत होती की तिला थंडी भरली.

सायलीला विशूनं फोन केला. ती रडली. “दादा, मी काढून टाकते व्हिडिओ. पण लोकांनी उतरवून घेतलाय. आणि काकू स्वतः म्हणाल्या हो, मी विचारलं होतं.” तिचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं.

पावसाळा सरताना कंपनीचा निरोप आला. वाद मिटवू. गाण्याखाली ‘पारंपरिक’ लिहू, आणि त्यापुढे ‘मूळ गायिका, जगदेवी विरुपाक्ष, युसूफ वडगाव’. विशूनं हक्क सोडल्याची सही करायची.

बजरंग चिडला. “सही करू नको बे विश्या! मी येतो ना साक्षीला!”

“तुझ्याच दुकानाचं नाव हाय बे त्या कार्डात,” विशू म्हणाला. “तुला बी म्हणतील तुझंच गाणं.” असं तो हसत म्हणाला.

जगदेवी म्हणाली, “मला नको नाव. मी काय केलं? म्हणलं तेवढं. तू सही करू नको.”

“धा वर्षं चालंल आई. आन् शेवटी तुलाच उभं करतील, खोटी म्हणून. ते मला बघायचं न्हाई.” त्यानं सही केली. दुकानात उभ्या उभ्या, वजनाच्या काट्याशेजारी कागद ठेवून. मग एका पोरीला पाव किलो रवा दिला.

गावाला फार आनंद झाला. वडगावचं नाव झालं. बाजारतळावर मांडव घालून सत्कार ठरला. तालुक्याचे पुढारी येणार होते, त्यांना सगळे साहेबच म्हणत. वर्षाराणीनं सासूला इरकल नेसवलं आणि म्हणाली, “आत्या, आज तरी खरं सांगा. सगळं गाव ऐकायला हाय.” जगदेवी रात्रभर तेच घोकत होती.

मांडवात आधी गाणं वाजलं, रंगीत दरबाराचं. पोरं नाचली. साहेबांनी शाल पांघरली, नारळ दिला आणि माइक तिच्या हातात आला. विशू कडेच्या खांबाला टेकून उभा होता. ती त्याच्याकडेच बघून बोलली.

“सगळ्याला शरणार्थ. मला बोलता येत न्हाई. पण एक सांगते. हे गाणं माझं न्हाई. माझ्या आईचं बी न्हाई. हे माझ्या विशूनं केलंय, विश्वेश्वरानं, ओट्यावर बसून. मी तांदूळ निवडत व्हते. मी म्हणलं घागर बसली म्हण, तर तो म्हणला उभीच पायजे. त्या पोरीला मी म्हणलं जुनं हाय, ते खोटं व्हतं. मला नाव नको. त्येचं नाव घाला.”

मांडव गप्प झाला. तिला वाटलं, पोचलं.

मग पुढच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. भिवराबाई डोळे पुसत होती. साहेबांनी माइक घेतला.

“बघा,” ते म्हणाले, “ही आपली मराठवाड्याची माय! एवढा मान मिळतोय, पण स्वतःकडं घेत नाही. लेकाच्या पदरात टाकते. कुठं शिकवतात हो हे? हे संस्कार आहेत!”

“न्हाई, न्हाई साहेब, खरंच,” जगदेवी म्हणाली, पण माइक तिच्याजवळ नव्हता. टाळ्या वाढल्या. तिनं खांबाकडे बघितलं. विशूही टाळ्या वाजवत होता. आजूबाजूचे त्याच्याकडे बघत होते, त्याच्या खांद्यावर थापा मारत होते, कशी भाग्याची आई मिळाली म्हणून. आणि तो मान हलवत टाळ्या वाजवत होता. मग त्यानं हात खाली सोडले आणि कनातीच्या फटीतून बाहेर गेला.

“आजी, आता एकदा गाणं होऊन जाऊ द्या,” सूत्रसंचालक माइक पुढे करत म्हणाला.

जगदेवीनं तोंड उघडलं. ‘घागर उभी’ एवढंच आलं. पुढचं तिला म्हणावं लागलं नाही. साऱ्या मांडवाला येत होतं.